वटाव कीं प्राप्ति ? : क्रेडिट कार्डावरील लाभ आणि प्राप्तिकर

पुण्याच्या मंडईंत भाजी घ्यावयास जाणाऱ्या गृहिणीला सौद्याची एक रीत कोणी शिकवावी लागत नाहीं. किलोभर वांगीं तोलून झालीं, पारडें तिच्या बाजूला किंचित् झुकलें, आणि पिशवी उचलतां उचलतां कढीलिंबाची एक काडी व मूठभर कोथिंबीर वर पडली, म्हणजे सौदा नीट झाला असें ती समजते. त्या कोथिंबिरीला ती उत्पन्न म्हणत नाहीं. भाजी थोडी स्वस्त पडली, एवढेंच तिचें म्हणणें असतें.

१८८६ सालीं रे मार्केट या नांवानें उघडलेल्या आणि आज महात्मा फुल्यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या या मंडईच्या अवतीभोंवतीं, तुळशीबागेंत, बोहरी आळींत आणि लक्ष्मी रस्त्यावर, खरेदीचा बराच व्यवहार आतां कार्डानें अथवा मोबाइलवरून होतो. रूपे जातीचें क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडतां येऊं लागलें, तेव्हांपासून लहानशा दुकानाच्या पाटीवरील चौकट टिपूनहि क्रेडिट कार्डाचे पैसे देतां येतात. महिनाअखेर बँकेचें बिल येतें आणि त्यांत एक सुखद ओळ असते: इतके पॉइंट जमा, किंवा इतके रुपये परत. ही ओळ म्हणजे वर पडलेली कोथिंबीर, कीं खरीखुरी प्राप्ति? प्राप्तिकराचें विवरणपत्र भरतांना ती दाखवावयाची, कीं सोडून द्यावयाची? सुशिक्षित कुटुंबांतून हा प्रश्न वारंवार निघतो. कोणी तो भीतीनें विचारतो, तर कोणी बेफिकिरीनें बाजूला सारतो. भीति आणि बेफिकिरी या दोहोंचीहि गरज नाहीं, असें मला दाखवावयाचें आहे.

या प्रश्नाला एका शब्दाचें उत्तर नाहीं. परंतु उत्तर शोधण्याची किल्ली एकच आहे, आणि ती आपल्या जुन्या जमाखर्चांतच सांपडते. कीर्द-खतावणी लिहिणारे व्यापारी 'वटाव' हा शब्द वापरतात. ठरलेल्या किंमतींतून जी रक्कम सुटते ती वटाव. श्रम, भांडवल किंवा व्यवसाय यांच्या पोटीं जी रक्कम येते ती प्राप्ति. वटावानें खर्च घटतो, प्राप्तीनें उत्पन्न वाढतें. खिशांत दोन्हींचा परिणाम सारखाच दिसतो. पन्नास रुपये वांचले काय आणि मिळाले काय, गृहस्थाच्या हातीं पन्नासच राहतात. कायदा मात्र खिशाकडे न पाहतां पैसा कोणत्या वाटेनें आला तें पाहतो.

तेव्हां प्रथम हा पैसा येतो कोठून, तें पाहूं. बँक धर्मादाय करीत नाहीं. सेंट्रल बँक ऑफ इंडियानें १९८० सालीं आपलें क्रेडिट कार्ड काढलें. तेव्हांपासून आजपर्यंत या धंद्याचें मूळ गणित फारसें बदललेलें नाहीं. समजा, आपण तुळशीबागेंत २००० रुपयांचीं भांडीं कार्डावर घेतलीं. दुकानदाराच्या खात्यांत २००० रुपये पुरे पडत नाहींत. त्यांतून शेंकडा दोन रुपये कापले जातात असें धरलें, तर त्याला १९६० मिळतात. उरलेल्या ४० रुपयांची वांटणी आपली बँक, दुकानदाराची बँक आणि कार्डाचें जाळें चालविणारी कंपनी यांच्यांत होते. आपल्या वांट्याला आलेल्या रकमेंतून बँक १५-२० रुपये पॉइंटांच्या रूपानें आपल्याकडे परत धाडते, कीं पुढच्या वेळींहि आपण तेंच कार्ड काढावें. याखेरीज वार्षिक वर्गणी आणि थकलेल्या बिलावरील व्याज हेहि बँकेचे उत्पन्नाचे मार्ग आहेत. तथापि मुख्य गोष्ट ही कीं, दुकानदारानें सोडलेल्या रकमेचाच एक अंश फिरून ग्राहकाकडे येतो. वाट लांबची असली तरी तो किंमतींतलाच तुकडा होय.

आतां कायद्याकडे वळूं. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याखालीं शॉ वॉलेस कंपनीचा एक खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढें गेला होता. १९३२ सालीं त्याचा निकाल देतांना न्यायमूर्तींनीं प्राप्तीला झाडाच्या फळाची आणि शेतांतल्या पिकाची उपमा दिली. एखादा निश्चित उगम आहे आणि त्यापासून कांहींशा नियमितपणें परतावा येतो, ती प्राप्ति, असा त्याचा आशय. पुढें कायद्यानें ही कल्पना पुष्कळच रुंद केली. १९६१ च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमांत प्राप्तीची जी व्याख्या आहे, तिची रचना अमक्या-अमक्याचा 'समावेश होतो' अशी आहे. म्हणजे यादींत नांव नाहीं एवढ्यावरून कोणतीहि रक्कम आपोआप सुटत नाहीं. १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यानें कलमांचे क्रमांक बदलले, भाषा सुटसुटीत केली, 'कर-वर्ष' हा शब्द रूढ केला. परंतु आपल्या विषयापुरतें मूळ तत्त्व तेंच ठेवलें. घरगुती खरेदीवर मिळणाऱ्या पॉइंटांचें नांव घेऊन त्यांना करपात्र किंवा करमुक्त ठरविणारें कलम जुन्या कायद्यांत नव्हतें आणि नव्यांतहि नाहीं. म्हणून तत्त्वावरूनच निर्णय करावा लागतो.

तत्त्वावरून पाहतां साध्या घरगुती खरेदीचें उत्तर स्पष्ट आहे. १००० रुपयांची वस्तु दुकानदारानें ९५० ला दिली, तर त्या ५० रुपयांवर कोणी कर मागत नाहीं. तीच वस्तु १००० ला घेऊन महिन्याभरानें बँकेनें ५० रुपये परत केले, तर फरक पडला तो वेळेचा आणि देणाऱ्या हाताचा. व्यवहाराचें स्वरूप पालटलें नाहीं. आपल्या कर भरून उरलेल्या पैशांतून आपण ९५० रुपयांचा खर्च केला, एवढाच त्याचा अर्थ. पॉइंट देऊन मिक्सर घेतला किंवा विमानाचें तिकीट काढलें, तरी हाच विचार लागू पडतो. गृहस्थानें केवळ घरखर्च कार्डावर केला आणि त्यावर पॉइंट मिळविले, तर तो वटाव समजण्यास मजबूत आधार आहे, आणि व्यवहारांतहि तसेंच मानलें जातें.

येथें एक शंका निघते. मोबदल्यावांचून मिळालेली रक्कम वर्षाकांठीं ५०,००० रुपयांहून अधिक झाली, तर ती सबंध रक्कम 'इतर मार्गांनीं प्राप्ति' या सदराखालीं करपात्र होते, असा नियम आहे. नातेवाईकांकडून किंवा स्वतःच्या लग्नांत मिळालेली भेट त्यांतून वगळलेली आहे. मग बँकेनें रोख परत केलेले ६०,००० रुपये या नियमांत बसतात काय? बसतात, असें कांहीं सल्लागार मानतात आणि सावधगिरीसाठीं ती रक्कम दाखवावी असें सुचवितात. परंतु या नियमाचा सारा जोर 'मोबदल्यावांचून' या शब्दावर आहे. कार्डावरील परतावा फुकट येत नाहीं. कराराप्रमाणें खरेदी केली तरच तो मिळतो. शिवाय या नियमांत रोख रकमेखेरीज ज्या मालमत्तेचा उल्लेख आहे, ती यादी ठराविक आहे: जमीन, घर, शेअर, दागिने, सोनें, चित्रें व शिल्पें, आणि २०२२ पासून आभासी डिजिटल मालमत्ता. मिक्सर किंवा तिकीट त्या यादींत नाहीं. तेव्हां खऱ्या खरेदीवरील परताव्याला देणगी म्हणणें ओढाताणीचें आहे. तथापि वर्षाची रक्कम पन्नास हजारांवर जात असेल, तर कोणत्या खरेदीवर किती परतावा आला हें दाखविणारीं बिलें जपून ठेवावीं. प्रश्न आलाच तर युक्तिवादापेक्षां कागद अधिक उपयोगी पडतो.

इथपर्यंत ऐकून ज्यांना हायसें वाटलें असेल, त्यांच्यापैकीं डॉक्टर, वकील, वास्तुशिल्पी आणि दुकानदार यांनीं पुढचा भाग लक्षपूर्वक ऐकावा. परतावा हा वटाव आहे असें एका पानावर लिहिलें, तर दुसऱ्या पानावर तो विसरतां येत नाहीं. एका वास्तुशिल्प्यानें कार्यालयाचें भाडें, संगणक-सेवा, प्रवास असा वर्षाचा ४,००,००० रुपयांचा धंद्याचा खर्च स्वतःच्या कार्डावर केला आणि त्यावर त्याला ८,००० रुपये परत मिळाले. हिशेबांत त्यानें ४,००,००० ची वजावट घेतली आणि ८,००० घरीं नेले, तर त्यानें जो खर्च केलाच नाहीं त्याची वजावट मागितली, असें होतें. खरा खर्च ३,९२,००० आहे. त्यानें एक तर तेवढाच दाखवावा, किंवा ४,००,००० खर्चीं लिहून ८,००० जमेस धरावे. बेरीज दोन्ही रीतींनीं सारखीच येते. पॉइंट रोख न घेतां त्यांतून घरासाठीं वस्तु घेतली, म्हणून धंद्याचा वटाव घरचा होत नाहीं.

घसारा ज्यावर मिळतो त्या वस्तूंचेंहि असेंच आहे. बोहरी आळींतल्या दुकानदारानें ६०,००० रुपयांचें यंत्र घेतलें आणि त्या खरेदीवर ३,००० परत आले, तर यंत्राची 'प्रत्यक्ष किंमत' ५७,००० होते. वस्तूच्या किंमतीचा जो भाग प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष रीतीनें दुसऱ्यानें सोसला, तो वजा करावा असें १९६१ च्या कायद्याच्या ४३ व्या कलमांत स्पष्ट म्हटलेलें आहे. गृहस्थालाहि हा विचार एके ठिकाणीं लागतो. लक्ष्मी रस्त्यावर १,००,००० रुपयांचें सोनें घेऊन २,००० परत मिळाले असतील, तर पुढें कधीं तें सोनें विकून नफा काढतांना खरेदीची किंमत ९८,००० धरणें हें त्याच तत्त्वाशीं सुसंगत आहे. वटावाचें तत्त्व सोयीच्या पानावर उघडावयाचें आणि गैरसोयीच्या पानावर मिटावयाचें, हें खऱ्या जमाखर्चाला शोभत नाहीं.

आतां दुसरी बाजू. एकाच बाजारांत ग्राहकाला झुकतें माप मिळतें आणि अडत्याला अडत मिळते. पुण्याच्या घाऊक भाजीचा व्यापार मंडईंतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत गेला, तरी हा भेद तेथेंहि कायम राहिला. माप हा वटाव, अडत ही कमाई. कार्डाच्या जगांतहि अडतीच्या जातीचे कांहीं लाभ असतात, आणि त्यांना बँक त्याच पॉइंटांचा वेष चढविते. म्हणून वेषाकडे न पाहतां कारणाकडे पाहावें.

'आपल्या मित्राला आमचें कार्ड घ्यावयास लावा आणि ५,००० पॉइंट मिळवा' अशी जाहिरात असते. येथें आपण कांहींच विकत घेतलेलें नाहीं. बँकेला गिऱ्हाईक आणून दिलें आणि त्याची दलाली घेतली. ही प्राप्ति आहे. तिचें रोख मोल इतर मार्गांनीं आलेल्या प्राप्तींत दाखविणें योग्य. अमेरिकेंतील कर-न्यायालयाचे दोन निकाल या भेदावर चांगला प्रकाश पाडतात. तेथील कायदा आपल्याकडे बंधनकारक नाहीं. विचाराची दिशा मात्र उपयोगी आहे. २०१४ सालच्या निकालांत एका दांपत्याला बँकेंत खातें उघडल्याबद्दल पॉइंट मिळाले होते आणि त्यांतून त्यांनीं विमानाचें तिकीट घेतलें होतें. हे पॉइंट खरेदीबद्दल मिळालेले नसून पैसा ठेवल्याबद्दल, व्याजासारखे, मिळाले असें ठरवून न्यायालयानें ६६८ डॉलर करपात्र मानले. २०२१ सालचें प्रकरण अधिक मजेदार आहे. एका जोडप्यानें कार्डावर भेट-कार्डें घ्यावयाचीं, तीं मोडून मनीऑर्डरी करावयाच्या, आणि त्याच पैशानें कार्डाचें बिल फेडावयाचें, असें चक्र दोन वर्षें फिरवून तीन लाख डॉलरांहून अधिक परतावा मिळविला. भेट-कार्ड ही विकत घेतलेली वस्तु आहे, म्हणून तिच्यावरील परतावा किंमतींतील सूट. परंतु थेट कार्डावर घेतलेली मनीऑर्डर म्हणजे पैसाच, वस्तु नव्हे. तिच्यावरील परतावा करपात्र, असा भेद न्यायालयानें केला. खरेदी आहे तेथें वटाव. खरेदी नाहीं तेथें प्राप्ति.

नोकरदारांचा प्रश्न थोडा नाजूक आहे. कार्यालयाच्या कामाचा प्रवास स्वतःच्या कार्डावर केला, मालकानें तो खर्च पुरा भरून दिला, आणि पॉइंट मात्र नोकराच्या खात्यांत राहिले, असें नेहमीं घडतें. हे पॉइंट बँक देते, मालक देत नाहीं. म्हणून त्यांना पगाराचा भाग मानण्याची वहिवाट नाहीं. अमेरिकेच्या कर-खात्यानेंहि २००२ सालीं विमान-प्रवासाच्या अशा पॉइंटांवर कर न मागण्याचें जाहीर केलें. पण ते रोख रकमेंत बदलून घेतल्यास ही सवलत नाहीं, असेंहि सांगितलें. कार्ड कंपनीचें असून तिनें पॉइंट नोकराला घेऊं दिले, तर तो मालकानें दिलेला लाभ होतो आणि पगाराव्यतिरिक्त मिळालेल्या सवलतींत त्याची गणना होऊं शकते. नोकराचा खासगी खर्च किंवा कार्डाची वार्षिक वर्गणी मालकानें भरली, तर ती रक्कम सवलत म्हणून करपात्र ठरते. खर्च सर्वस्वी कामाचा असेल, तर त्याची तारीख आणि स्वरूप यांची नोंद ठेवून मालकानें तसें प्रमाणित करावें, म्हणजे ती सुटते. हा नियम १९६२ च्या प्राप्तिकर नियमावलींत होता, आणि त्याच्यामागील विचार सरळ आहे.

दुकानदाराला कंपनीकडून मिळणारी बक्षिसी मात्र निःसंशय धंद्याची प्राप्ति होय. इतका माल खपविला म्हणून परदेशची सफर, इतकीं यंत्रें विकलीं म्हणून भेट-कार्ड, हे लाभ वस्तुरूप असोत कीं रोख, ते करपात्र आहेत. अशा लाभाचें मोल वर्षांत एका देणाऱ्याकडून २०,००० रुपयांहून अधिक झालें, तर देणाऱ्यानें शेंकडा १० प्रमाणें कर कापावा, अशी तरतूद १ जुलै २०२२ पासून आली. व्यापारी सूट, रोखीचा वटाव आणि ग्राहकांना दिलेला परतावा यांवर या तरतुदीखालीं कपात करूं नये, असें प्रत्यक्ष कर मंडळानें त्याच वर्षीं जून महिन्याच्या परिपत्रकांत सांगितलें. त्यामागें कपात करणाऱ्याची सोय पाहिली होती, हें खरें. तरी व्यवहारांत वटाव आणि लाभ हे वेगळे हाताळले जातात, एवढें त्यावरून दिसतें. सणासुदीला कार्डावर खरेदी करणाऱ्यांत सोडत काढून मोटार दिली, तर ती लॉटरीच्या वर्गांत जाते. तिच्यावर शेंकडा ३० दरानें कर आहे. आपली इतर प्राप्ति कितीहि थोडी असो, हा दर उतरत नाहीं.

शेवटीं एका घरगुती संवयीविषयीं सांगणें अवश्य आहे. मित्राला किंवा शेजाऱ्याला महागडी वस्तु घ्यावयाची असते. आपण ती आपल्या कार्डावर घेऊन देतों, तो पैसे आपल्या खात्यांत भरतो, आणि पॉइंट आपल्याला राहतात. यांत वाईट कांहीं नाहीं. पण वटावाचा आधार येथें ढिला होतो, कारण किंमत मित्रानें सोसली आणि सूट आपण घेतली. एखाद्या वेळीं हें क्षम्य आहे. त्याचा नित्याचा उद्योग झाला कीं त्याला कमाईचें रूप येतें. दुसरें असें कीं, १९६२ च्या नियमावलीप्रमाणें एका वर्षांत क्रेडिट कार्डाच्या बिलापोटीं १० लाख रुपये किंवा अधिक, अथवा रोखीनें १ लाख किंवा अधिक भरले, तर बँकेनें तें प्राप्तिकर खात्याला कळवावयाचें असे. हा खर्चावरील कर नव्हे. परंतु ६ लाखांची प्राप्ति दाखविणाऱ्याच्या कार्डावर १२ लाखांचा खर्च दिसला, म्हणजे पैसा कोठून आला हा प्रश्न ओघानेंच येतो. त्या वेळीं शेजाऱ्यांच्या खरेदीचा हिशेब स्मरणावर सोडलेला असेल, तर चार-दोन हजारांच्या पॉइंटांसाठीं मोठी विवंचना पदरीं पडते. बिल थकवून महिना शेंकडा तीन-साडेतीन दरानें व्याज भरणाऱ्यानें तर पॉइंटांवरील कराची चिंता करूंच नये. त्याला वटाव मुळीं मिळालेलाच नसतो.

यासाठीं घरांत एक वही पुरे आहे. तिच्यांत तीन सदरें करावीं. पहिल्यांत घरखर्चावर मिळालेला परतावा लिहावा. तो सामान्यतः करांत धरावयाचा नाहीं. दुसऱ्यांत धंद्याच्या खर्चावरील परतावा. तो खर्चांतून वजा करावयाचा. तिसऱ्यांत खरेदीवांचून मिळालेली दलाली, बक्षिसें आणि कामाबद्दलचे लाभ. ते प्राप्तींत दाखवावयाचे. शंका असेल तेथें 'हें मला मीं काय विकत घेतलें म्हणून मिळालें, कीं मीं काय केलें म्हणून?' एवढाच प्रश्न स्वतःला विचारावा. रक्कम मोठी असेल किंवा उत्तर दोहोंकडे ओढत असेल, तर विवरणपत्र भरण्यापूर्वींच करसल्लागाराला वही दाखवावी. ज्याच्या वहींत हीं तीन सदरें स्वच्छ लिहिलेलीं आहेत, त्याला खात्याच्या पत्राचें भय बाळगण्याचें कारण नाहीं, आणि न्यायानें सुटलेल्या वटावावर उगाच कर भरण्याचेंहि कारण नाहीं.